चिमीची दाडी

देगलूर, रविवार

प्रिय बाला,

पत्र बघून दचकू नको, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा तेवढा बोंबलतो. फोनवर हे बोलता येईना, आई सोप्यातच बसलेली असते.

चिमी दोन वर्षांची झाली अन् बोलू लागली. पण काय बोलते लेका! 'क'चा 'त', 'ग'चा 'द'. गाडी दिसली की "दाडी आली!" परवा नेमके समोरून दाढीवाले सरपंच. भाकरी म्हणजे 'बातली', घर म्हणजे 'दलु', दूध म्हणजे 'दूदु'. तिची माय लावण्या तेलुगू मुलखातली. तेलुगूत शब्द बहुतेक स्वरावरच संपतो, म्हणून ही मराठीलाही शेपूट लावते. "दूदु वद्दु, पानी दे," एका दमात. वद्दु म्हणजे नको.

आईचं म्हणणं, दोन भाषांनी लेकराची जीभ अडकली. वेखंड उगाळून लावून झालं, मारुतीला नारळ झाला. शेवटी नांदेडला दाखवलं. कान चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले, शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजा. पन्नासाच्या वर आहेत, दोन-दोन जोडते, अजून काय पाहिजे? 'क', 'ग' साडेतीनपर्यंत बहुतेक लेकरांचे बसतात. दोन भाषांनी बोलणं लांबत नाही.

आई कुठली ऐकती! अन् लावण्यानं तेलुगू बंद केली. भांडण नाही, रडणं नाही. 'बुव्वा तिनु' म्हणणारी बाई एकदम 'जेव बाळा' म्हणू लागली. आधी न्हाऊ घालताना दोघींची केवढी बडबड चालायची. आता 'डोळे मीट, हात दे', संपलं. चिमी मुद्दाम 'नील्लु' मागते, ही 'पाणी घे' म्हणून पेला पुढं करते.

१९५६ला तेलुगू मुलखाशी सीमा आखली म्हणून आपल्याकडच्या सोयरिकी थोड्याच थांबल्या? आईची सख्खी मावशी सीमेपलीकडं बोधनला दिलेली, माहेरी येऊन तेलुगूत हिशेब करायची. तेव्हा कुणाची जीभ अडकली?

तुझी अम्मा पण तिकडचीच. पाचवीत तू एकाएकी तिला 'आई' म्हणू लागलास. तेव्हा ती काही बोलली का रे? कधी विचारलंच नाही. कॅरमच्या राणीवरून अबोला धरण्यातच आपलं वर्ष गेलं. (राणी माझीच होती.)

लातूरची बदली झाली का? वहिनींचं बीपी? पोराला बारावीचं जास्त टेन्शन देऊ नको.

पोळ्याला ये. अन् आईसमोर लावण्याशी तेलुगूत बोल, चांगलं मोठ्यानं. तुला ती काही म्हणत नाही, का ते देवाला ठाऊक.

तुझा,
दत्ता