विनंती अर्ज लिहू नकोस

तासगाव
दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेला तुझ्या उन्हाळी फेलोशिपच्या अर्जाचा मजकूर वाचला. पहिल्यांदा मोबाईलवर, मग सकाळी ऑफिसात प्रिंट काढून. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू "हो आई, हो आई" करतेस आणि मागे मैत्रिणी हसत असतात. म्हणून लिहिते.

पहिल्याच ओळीत तू लिहिलंयस की वडील अल्पभूधारक शेतकरी, आई कॉलेजात क्लार्क, घरची परिस्थिती बेताची, तरी ही फेलोशिप मला मिळावी ही नम्र विनंती. लिहिलंयस इंग्रजीत, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. कारण ते वाक्य माझं आहे. गेली बावीस वर्षं खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येक पोराकडून मी ते लिहून घेत आलेय. "महोदय, वरील विषयी विनंती अर्ज करते की..." शाळेत तुला निबंधाआधी अर्ज लिहायला मीच शिकवला. त्यामुळे दोष तुझा नाही. पण हा मजकूर तसाच पाठवू नकोस.

माझ्या टेबलावर येणारा अर्ज एकच गोष्ट विचारतो: तू कोण, कुठली, आणि घरात येतं किती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, बोनाफाइड, आधारला जोडलेलं बँक खातं. एक कागद अस्पष्ट स्कॅन झाला की महाडीबीटीवर, त्या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज परत, आणि मुलीचं तोंड एवढंसं. कुठला विषय तुला आवडतो, हे तिथं कोणी विचारत नाही. विचारूही नये. ते पैसे फीसाठी असतात, आणि फी भरायला विषय आवडावा लागत नाही.

यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाहीये, नीट ऐक. माझ्या कपाटातला सगळ्यात जाड गठ्ठा ज्या योजनेचा, ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पोरं जिला जीओआय म्हणतात, 1944 पासून चालू आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ते स्वतः एल्फिन्स्टनमध्ये शिकले ते सयाजीरावांनी दिलेल्या महिना पंचवीस रुपयांवर. पुढं 1913 ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोद्याकडून महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि त्याबदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे कागदपत्रं तेव्हाही होतीच. तो करार आठवला की मला आमच्या हमीपत्राचा कागद एवढा जाचक वाटत नाही.

पण तू आत्ता भरतेयस तो फॉर्म वेगळ्या जातकुळीचा आहे. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, या तीन विज्ञान अकॅडम्या मिळून उन्हाळ्यात मुलांना दोन महिने खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत पाठवतात. अर्ज वाचणारा माणूस शास्त्रज्ञ असणार. तुमच्याकडं किती एकर आहे, याचं तो काय करणार? मे महिन्यात ही मुलगी माझ्या लॅबमध्ये आली तर तिच्याशी बोलावंसं वाटेल का, एवढंच तो बघत असणार. तुझ्या मजकुरात पुढं आहे, "मला रसायनशास्त्राची लहानपणापासून अतिशय आवड आहे." मनू, असं तर सगळेच लिहितात. लहानपणी तुला आवड होती ती चिंचेची.

मात्र एक गोष्ट मला आठवते. तू तिसरीत होतीस. आबांच्या शेडवर बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं काम चाललं होतं. पिंपात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल कालवलेलं पाणी, त्यात जाळीच्या क्रेट बुडवून बाया बाहेर काढत होत्या आणि घड रॅकवर पसरत होत्या. तू आबांना विचारलंस, "वाळवायचंय तर ओलं कशाला करताय?" सगळ्या बाया हसल्या. आबा म्हणाले, "बुडवलं की लौकर वाळतं." तू म्हणालीस, "पण का?" आबा म्हणाले, "वाळतं म्हणून." आणि तू रुसून पिंपाला टेकून बसलीस, फ्रॉकला तेल लागलं, ते कधी निघालं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीत तूच मला समजावलंस. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, पाणी आतच कोंडून राहतं. ते तेल म्हणजे इथाइल ओलिएट, त्यानं मेणाची घडी विस्कटते, पाण्याला वाट मिळते. म्हणून पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो, आणि लवकर वाळल्यामुळं काळपटही पडत नाही, कारण साल काळी करणाऱ्या एन्झाइमला वेळच मिळत नाही. हे सांगताना तू ताटातली भाकरी गार केलीस. मग म्हणालीस, "पण मेण विरघळतं की फक्त सरकतं, हे मला अजून कळलं नाहीये." त्या वाक्यावरून तुझा अर्ज सुरू व्हायला पाहिजे. घरच्या परिस्थितीची ओळ काढून टाक. शेड राहू दे. शेडमध्ये परिस्थिती आपोआप येते, वेगळी सांगावी लागत नाही.

आधी मराठीत लिही. आबांना समजेल असं. मग इंग्रजी कर. शब्दमर्यादा दिलेली असते, तेवढ्यात "पॅशनेट" आणि "हार्डवर्किंग" या पाहुण्यांना जागा देऊ नकोस.

आता एक कबुली द्यायची आहे. बारावीला तू बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलीस आणि इन्स्पायर ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा वर्षाचे ऐंशी हजार हा आकडा मी सगळ्या नातेवाइकांना सांगितला. त्यातले साठ हजार शिष्यवृत्तीचे, आणि वीस हजार उन्हाळ्यात कुणा संशोधकाच्या हाताखाली काम करण्यासाठीचे, ही फोड मी कुणाला सांगितली नाही. माझ्याही डोक्यात ते ऐंशीच होते. मे महिन्यात तू म्हणालीस, पुण्यात कुठं प्रोजेक्ट मिळतंय का बघते. मी म्हटलं, कशाला, घरी ये, इथल्या ओळखीच्या सरांकडं करून टाकू. तू पंधरा दिवस विहिरीच्या पाण्याचा पीएच मोजलास, सरांनी न वाचता सही केली, आणि मीच तो कागद स्कॅन केला. स्वच्छ स्कॅन केला, तुला माहितीये मी स्कॅन किती स्वच्छ करते. पाषाणची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तुझ्या हॉस्टेलपासून बसनं जाण्याएवढी लांब, आणि मी तुला तासगावच्या विहिरीवर बसवलं. सगळेच असं करतात, हे मला माहीत होतं म्हणून मी केलं. माझं चुकलं.

त्यामुळं या वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नकोस. अकॅडम्यांचा फॉर्म साधारण नोव्हेंबरात बंद होतो, म्हणजे दिवाळीच्या फराळात तारीख निसटते. त्यात मार्गदर्शकांची यादी असते, तिथं मोठं नाव बघून टिक करू नकोस. पृष्ठभागांवर, मेणांवर, पातळ पडद्यांवर (मेम्ब्रेनवर) कोण काम करतं ते शोध. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एनआययूएस म्हणून उपक्रम आहे, तो पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. आधी शिबिर, त्यातून निवडलेल्यांना पुढं प्रोजेक्ट, आणि प्रवासाची, राहण्याची सोय ते बघतात. मला तर तोच तुला जास्त योग्य वाटतो, कारण तिथं शिकवणारी माणसं आहेत. बंगळूरचं जवाहरलाल नेहरू सेंटर आणि टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, व्हीएसआरपी हा उन्हाळी उपक्रम हेही बघ, फक्त कुठल्या वर्षाची मुलं चालतात ते जाहिरातीत आधी वाच. आपल्याकडची निम्मी मुलं तिथंच बाद होतात. तुझ्या फिजिक्सवाल्या रूममेटला आयुकाचं, त्या खगोलशास्त्राच्या संस्थेचं, सांग, तुमच्या पुण्यातच आहे. जर्मनीचं डाड आणि कॅनडाचं मिटॅक्स हे परदेशातले उपक्रम पुढच्या वर्षी. पासपोर्टचा अर्ज मात्र याच सुट्टीत करू.

शिफारसपत्राचं राहिलं. तुझे सर म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." प्रेमानंच म्हणतील, त्यांच्याकडं वेळ नसतो. पण स्वतःची स्तुती लिहायला बसलीस की तू परत विनंती अर्जावर येशील. त्याऐवजी त्यांच्याकडं एक पान घेऊन जा: कुठला प्रयोग त्यांच्या तासाला केलास, कुठं चुकलीस, चूक कशी सापडली. टायट्रेशनचा तो घोळ सांग, ब्युरेटच्या तोटीतून गळत होतं आणि तू तीन दिवस रीडिंगवर संशय घेत बसलीस तो. त्यावरून त्यांना चार ओळी लिहिणं सोपं जाईल. आणि आजच जा. शेवटच्या दिवशी मास्तरांना गाठणाऱ्या मुलांची रांग मी रोज बघते.

आणि ते इन्स्टाग्रामवरचं, "रिसर्च इंटर्नशिप, सर्टिफिकेटसह, फक्त चार हजार रुपये", ज्याची लिंक तू मला पाठवलीस. फेलोशिप देणारा आपल्याला पैसे देतो. आपल्याकडून मागतो तो दुकानदार.

पैशाचं म्हणशील तर निवड झाली तरी रक्कम बहुतेक मागाहून येते. आधी तिकीट आपण काढायचं, खोली आपण बघायची. माझ्या सोसायटीच्या ठेवीतले पंधरा हजार मार्चमध्ये मोकळे होतात, ते मी तुझ्या नावानं बाजूला ठेवलेत. बाबांना सांगितलेलं नाही, ते ठिबकच्या नळ्यांचं बोलतील. प्रवासाची तिकिटं जपून ठेव, टाकून देऊ नकोस. हे मी आई म्हणून सांगत नाहीये, क्लार्क म्हणून सांगतेय.

नाही झाली निवड, तर मे महिन्यात घरी ये. पण पीएच मोजायला नको. शेडच्या कोपऱ्यात आबांकडून एक रॅक मागून घेऊ. एक घड न बुडवता, एक नुसत्या कार्बोनेटमध्ये, एक नुसत्या तेलात, एक दोन्हीत. रोज वजन करायचं. किचनमधला काटा चालेल का ते सांग, नाहीतर सोनाराकडचा जुना मिळतोय.

सकाळी आबांना प्रमाण विचारलं, तुझ्या अर्जात घालायला. म्हणाले, लिटरला पंचवीस ग्रॅम पावडर, पंधरा मिली तेल. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण ती विचारत होती ते काय होतं, का म्हणून? कळलं का तिला?" मी म्हटलं, अर्धं कळलंय.

नवा मजकूर बुधवारपर्यंत पाठव. बुधवारी माझ्याकडं गर्दी कमी असते.

तुझी,
आई

ता.क. बेदाण्याची पिशवी संध्याकाळच्या एस.टी.नं कंडक्टरकडं दिलीय. स्वारगेटला दहाच्या सुमारास पोचेल. सगळ्या मैत्रिणींना वाटू नकोस, थोडा सरांना दे. पण शिफारसपत्र मिळाल्यानंतर दे, आधी नको.