कापलेला शेवट

पिंपळनेर

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू रागाने निघून गेलास, म्हणून फोनवर पुन्हा वाद घालण्यापेक्षा लिहिणे बरे वाटले. भावकीच्या ग्रुपवर तू टाकलेली मुले पळवणाऱ्या टोळीची चित्रफीत मी परत पाहिली. निवेदन मराठीत असले तरी मागच्या दुकानाच्या पाटीवरची लिपी आपली नाही, माणसांचे ओठ आणि ऐकू येणारे शब्द जुळत नाहीत, आणि मूल उचलल्याबरोबर दृश्य तुटते. पुढचे का दाखवले नाही, एवढे तरी तू विचारायला हवे होतेस.

१ जुलै २०१८ रोजी आपल्याच साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतली, पालकांना मुलांच्या सुरक्षिततेविषयी सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी मोटारसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात. तेवढाच शेवट कोणीतरी कापला. चित्रात खोटे काही घालावेही लागले नाही.

हे व्याख्यान झाले. वाईट वाटून घेऊ नकोस. तू तिसरीत असताना सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहायचे सोडून तंबू टॉकीजच्या पोस्टरपुढे उभा राहिला होतास. नायकाची सावली एकीकडे आणि त्याच्या घोड्याची दुसरीकडे कशी, असे विचारून, आप्पा काही सांगण्याआधीच दोन वेगवेगळी चित्रे एकत्र चिकटवली आहेत हे तूच ओळखलेस. जिजी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगते, आणि मीही ऐकत बसतो.

ती नजर तुझ्याकडे आहे, म्हणूनच जीवाला घोर लागतो. तू शिकलेला, पुण्यात नोकरीला. तुझ्या नावाने आलेली गोष्ट भावकीत कोणी पडताळून पाहत नाही. उद्या बाजारात एखाद्या अनोळखी भिक्षेकऱ्याला कोणी अडवले आणि मोबाइल पुढे करून तुझेच नाव सांगितले, तर काय करायचे? हे पुन्हा लिहायचे नाही असे ठरवले होते, पण राहवत नाही.

चित्रफीत नुसती पुसून टाकू नकोस, कारण दादाच्या मुलांनी ती पुढे पाठवली आहे. ती आपल्या भागातली नाही आणि अर्धवट कापलेली आहे, असे तुझ्याच नावाने आज रात्री ग्रुपवर लिही, आणि दादाच्या मुलांना वेगळा फोन कर. माझे ते ऐकत नाहीत.

तुझे,
नाना