सायकलवाले काका, तुमच्या त्या पुठ्ठ्याबद्दल

प्रिय काका,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. दुकानाचा पत्ताही देत नाही. तुमच्या घोड्यावर, म्हणजे दुरुस्तीच्या स्टँडवर, आधीच गाड्यांची रांग आहे. पण ती नॉटिंगहॅमची रॅले सायकल परवा विकली गेली. २८ इंची, दांडी ब्रेकची, चेनव्हीलमध्ये बगळ्यांची नक्षी असलेली. तुमचे पैसे चुकते झाले, आभार राहिले होते.

तुमच्याकडे यायच्या आधी ती एका दुकानातून ‘ओव्हरऑईलिंग’ होऊन आली होती. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘टक्’ वाजायचं. तिथलं निदान : बॉटम (पायडलच्या ॲक्सलचं बेअरिंग) गेला, नवा टाका. खरं तर वाजत होती डावी कॉटर, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) ॲक्सलला पक्का धरणारी पाचर. ती इतकी खाल्ली गेली होती की दोन्ही क्रँक एका रेषेतच राहत नव्हते. ती काढायला त्यांनी क्रँकखाली कसलाही टेकू न देता हातोडा चालवला. असा ठोका कॉटरवर थांबत नाही, ॲक्सलमधून छर्‍यांवर जातो आणि छर्रे ज्यात फिरतात त्या कपात खड्डे पाडतो. म्हणजे बॉटम आधी गेला नव्हता, तो हातोड्यानं घालवला! वर नवा कप पान्याला पाइप लावून पिळायची तयारी. जुन्या रॅलेच्या बॉटमला इंचाला २६ आटे असतात, बाजारातल्या नेहमीच्या कपाला २४. कप दोन आटे हातानं जातो, मग अडतो. तिथं जोर लावला की शेलच्या, म्हणजे कप बसतो त्या फ्रेमच्या नळीच्या, आट्यांचा चुरा आणि फ्रेम भंगारात. गाडी तेवढ्यात उचलून आणली म्हणून वाचली.

तुम्ही आधी नुसतं बघितलंत. कॉटरवर रॉकेल सोडून गाडी रात्रभर आडवी ठेवलीत. सकाळी कॉटरचा नट शेंड्याच्या पातळीला येईल एवढाच सैल केलात, म्हणजे ठोक्यानं आटे दबायला नकोत. कॉटरचं डोकं आत उतरेल एवढ्या तोंडाचा पाइपाचा तुकडा क्रँकखाली जमिनीवर उभा केलात, आणि एकच ठोका. दहा हलके ठोके मारले की कॉटर फुलते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही, हे तुम्ही पोराला सांगत होतात ते आम्हीही ऐकलं.

नव्या कॉटर साडेनऊ मिलिमीटरच्याच, कारण नऊची त्या भोकात खुळखुळते. दोन्हींची सपाट बाजू कानशीनं सारखी घासलीत. एक जरा जास्त गेली की क्रँक तिरके. कॉटर हातोड्यानं बसवायची, नटानं ओढायची नाही, नट फक्त राखणीला. जुने कप तुमच्या डब्यातल्या रॅलेच्याच कपांनी बदलले. उजवा उलट आट्यांचा, तो कुठल्या बाजूला फिरवायचा यात तुमच्या हाताला विचार करावा लागत नाही. प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे, सगळे नवे. नव्यात चार जुने मिसळले की भार फक्त नव्यांवर येतो, ते लवकर फुटतात.

हे सगळं कामाचं झालं, त्याचे तुम्ही पैसे घेतलेत. पत्र आहे ते पुठ्ठ्यासाठी.

गाडी विकायची आहे हे तुम्हाला माहीत होतं. ट्यूबच्या खोक्याचा एक तुकडा फाडून, त्यावर बॉलपेननं लिहून, सुतळीनं तुम्ही तो हँडलला बांधलात : ‘दोन्ही कॉटर नव्या. ४० किलोमीटर चालल्यावर कॉटर ठोकून नट आवळणे, पैसे नाहीत. मागचा मडगार्ड दुसऱ्या गाडीचा. मागच्या रिमला गंज, आतून.’ शेवटच्या दोन ओळी कोणी सांगितल्या नव्हत्या. त्या ओळींनी भाव पाचशेनं उतरला, हेही खरं.

जुन्या सायकलींच्या धंद्यात उलटंच चालतं. वरून काळ्या रंगाचा हात, सोनेरी स्टिकर, की झाली ‘ओरिजिनल’. लगजवळची, म्हणजे फ्रेमच्या नळ्यांच्या सांध्याजवळची, केसाएवढी चीर त्या रंगाखाली झाकते आणि पहिल्याच खड्ड्यात उघडी पडते, तेव्हा विकणारा फोन उचलत नाही. तुमच्यासारखी माणसं भेटली की वाटतं, चांगुलपणा कुठे गेलेला नाही, ट्यूबच्या खोक्यावर लिहून ठेवलेला असतो.

घेणाऱ्या काकूंनी पुठ्ठा वाचला, मडगार्ड बोटानं वाजवून बघितला आणि म्हणाल्या, “एवढं लिहिलंय म्हणजे बाकीचं बरं असेल.” चाळीस किलोमीटर झाले की त्या तुमच्याकडे येतील. आणि एखाद्या रविवारी जुन्या बाजारात रॅलेचा मागचा मडगार्ड दिसला, तर बाजूला ठेवा. पैसे आम्ही देऊ, बसवायचा मात्र त्यांच्याच गाडीला.