विहिरीत उतरलेल्या त्या माणसांचे आभार

जत तालुक्यात आमच्या विहिरीचं काम चालू असताना कडेचा मुरूम ढासळला आणि धाकटे दीर छातीपर्यंत गाडले गेले. जेसीबी आला, पण शेजारच्या विहिरीवरच्या कामगारांनी तो लांबच थांबवला. हादऱ्यानं उरलेली कडही खाली आली असती. यारीच्या, म्हणजे विहिरीतली माती वर ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरावरून ते स्वतः उतरले, हातानं माती उपसू लागले. एकानं ओल्या टॉवेलानं भाऊजींचं नाक-तोंड पुसलं, डोक्यावर उलटं घमेलं धरलं आणि म्हशीच्या चौकश्या सुरू ठेवल्या. किती दूध देते, रेडकू केवढं झालं! २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात अडकलेल्या ४१ मजुरांसाठीही शेवटचा ढिगारा माणसांनी हातानंच खणला होता.

तुम्ही चहालाही थांबला नाहीत, नावंही विचारायची राहिली. भाऊजी आता हिंडतात-फिरतात. जतच्या बाजाराला आलात तर घरी या, जेवूनच जायचं.