शाळेचं मैदान मुलांसाठी मोकळं ठेवा

पालक-शिक्षक संघाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

मधल्या सुट्टीत अर्ध्या मैदानात दुचाकी उभ्या असतात. फक्कीने आखलेल्या खो-खोच्या रेषा चाकांखाली पुसल्या जातात आणि मुलं डबा खाऊन व्हरांड्यातच बसून राहतात. मुलींच्या वाट्याला तर कोपराही उरत नाही, याचं फार वाईट वाटतं. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. येणं-जाणं रिक्षाने, संध्याकाळी क्लास. मग धावायचं कुठे?

सोमवारपासून गाड्या फाटकाबाहेरच लावाव्यात. पी.टी.चा तास गणिताला देऊ नये, ही मागणी शनिवारच्या सभेत मांडणार आहोत. जरूर या.