२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सगळ्या पालकांनी यायचंच, शाळेच्या छताचा विषय आहे

सर्व पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्यांना नमस्कार. मागच्या दोन खोल्यांचं प्लास्टर परत पडलंय, पोरं व्हरांड्यात बसतायत, आणि अर्ज दिला की एकच उत्तर, निधी आला की बघू. राजस्थानात झालावाडला जुलै २०२५ मध्ये सरकारी शाळेचं छत कोसळून ७ लेकरं गेली, हे आठवलं की झोप लागत नाही.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार, त्यातच खडू, लाईटबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं, त्यात स्लॅब होत नाही हे कुणालाही कळतं, म्हणून मोठं काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नाहीतर जिल्हा नियोजनच्या निधीत बसवावं लागतं. पुढच्या वर्षाचा आराखडा याच ग्रामसभेपासून सुरू होतो, आता नाव नाही लागलं तर वर्ष गेलं.

तर मंडळी, शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करायचा अधिकार आपल्या समितीलाच आहे, तो लेखी करून ठराव मांडायचाय. स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारत किती मजबूत आहे त्याच्या तपासणीची, मागणी पण त्यातच घालू. आयांनी जरूर यावं, समितीत निम्म्या जागा तुमच्याच आहेत. खोल्यांचे फोटो तारखेसकट आज रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून सह्या होईपर्यंत कुणी उठायचं नाही.