आई-बाबा, मे महिन्यात येत नाहीये

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण बाबा विषय निघाला की फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. मे महिन्यात मी येत नाहीये. इथे ब्रिटनमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या, निवडणुका आहेत आणि मी लेबरकडून, म्हणजे मजूर पक्षाकडून, उभी राहतेय. फॉर्म भरलाय, सूचक-अनुमोदकाच्या सह्या झाल्यात. आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण तुम्ही नको म्हणाला असतात तर मला भरताच आला नसता.

बाबा, "आता हा ॲटलीचा पक्ष उरला नाही" हे तुमचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. मान्य आहे हो. उत्पादनाची साधनं सगळ्यांच्या मालकीची हे पक्षाच्या घटनेतलं १९१८ चं चौथं कलम पक्षनेता ब्लेअरने १९९५ मध्ये काढलं. गंमत म्हणजे जुन्या कलमात समाजवाद हा शब्दच नव्हता, नव्याची सुरुवातच 'लेबर हा लोकशाही समाजवादी पक्ष आहे' अशी. माल हलवला आणि मग पाटी लावली! २०२४ ला सत्ता आल्या आल्या म्हाताऱ्यांचा हिवाळ्यातला हीटिंगचा भत्ता बहुतेकांचा बंद केला, तेव्हा मीही मीटिंगमध्ये भांडले, समोरच्या आजी घरात कोट घालून टीव्ही बघायच्या. वर्षभरात बहुतेकांना परत द्यावा लागला, पण दार वाजवलं की लोक अजून तेच ऐकवतात आणि मी ऐकून घेते.

पण तुमच्या त्या सोन्याच्या काळात, ॲटली पंतप्रधान असताना, तरी काय होतं? १९४८ ला त्याचा आरोग्यमंत्री बेव्हनने दवाखाना, चष्मा, दात सगळं फुकट केलं आणि १९५१ ला त्याच्याच सरकारने चष्म्याला आणि कवळीला पैसे लावले. त्याने मंत्रिपद सोडलं, पक्ष नाही सोडला. हे मला तुम्हीच सांगितलंय, सभेहून येताना, मी सायकलच्या दांडीवर, तुमच्या शर्टाला शाईचा वास, आणि मी विचारलं होतं, कवळी म्हणजे आजीची ती वाटीतली का? तुम्ही एवढे हसलात की सायकल थांबवावी लागली.

आणि ७७ ला तुम्ही सगळे जनता पक्षात गेलात तेव्हा आई काय म्हणाली होती ते तिलाच विचारा. मोठ्या काकांचा विषय मी काढत नाही.

रागावू नका ना. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी जूनवर ढकलायचं नाही, दादा रजा टाकून येतोय, त्याच्याशी बोलणं झालंय. थेंब दिवसातून चार वेळा, मोबाईलमध्ये अलार्म लावून दिलेत ते बंद करू नका. पेपर आई वाचून दाखवेल, अग्रलेखासकट. आई, तू माळ्यावर चढायचं नाहीस, लोणच्याची बरणी दादा काढेल, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणलाय मी.

निकाल लागला की फोन करते, पडले तर आधी बाबांनाच. आणि बाबा, नवी कवळी करून घ्या, पैसे पाठवलेत, त्यावर भाषण नको.

तुमची,
मनू